ठरवलेले बिनसले की देवावरचा भरवसा कुठे जातो?

खाडीकाठची (प्रश्न)

नमस्कार. गेल्या मंगळवारचा एक किरकोळ प्रसंग मनातून जात नाही, म्हणून इथे मांडते आहे. आम्ही गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या अलीकडच्या काठाला राहतो. आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले असून पुढच्या तपासणीसाठी दापोलीची सकाळी साडेदहाची वेळ मिळाली होती. डोळ्यांचे डॉक्टर तिथे आठवड्यातून एकदाच येतात. मी आदल्या रात्रीच सगळी जमवाजमव करून ठेवली होती: ऑपरेशनचे कागद, थेंबांच्या बाटल्या, आईची छत्री, घावनांचा डबा, धोपाव्याच्या जेटीपर्यंत सांगून ठेवलेली रिक्षा, आणि पलीकडे दाभोळहून दापोलीला जाणाऱ्या एस.टी.ची वेळ. शाळेतून रजाही काढली होती. पहाटे पूजा केली, ‘आजचा दिवस नीट पार पडू दे’ म्हणून देवापुढे हात जोडले आणि आम्ही निघालो.

जेटीवर पोहोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडच्या काठाला लावून ठेवलेली दिसत होती. वाऱ्यामुळे आणि खाडीच्या तोंडाशी उसळणाऱ्या लाटांमुळे सकाळच्या फेऱ्या बंद होत्या, आणि पुढची केव्हा सुटेल हे तिकिटे देणाऱ्या मुलालाही सांगता येत नव्हते. समोर दाभोळची घरे दिसत होती, पण रस्त्याने जायचे म्हटले तर गुहागर, चिपळूण, खेड असा शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. दवाखान्यात फोन लावत होते, तो कोणी उचलत नव्हते. आई शेडमधल्या बाकावर शांतपणे बसली, ‘देवाच्या मनात नसेल आज’ असे म्हणाली, आणि डबा उघडून त्या मुलाच्या हातावर तिने एक घावन ठेवले. त्या क्षणी माझे डोके असे फिरले की मी तिच्या हातातला डबा ओढून घेतला. झाकण निसटून उतारावरून गडगडत थेट पाण्याच्या कडेला गेले आणि दोन घावने ओल्या सिमेंटवर पडली. आई काहीच बोलली नाही. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलेले असताना ती खाली वाकून ती घावने पदराने उचलू लागली.

फेरी साडेअकराला सुरू झाली. आम्ही पोहोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. आता पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. डोळ्याला काही झालेले नाही, नुकसान म्हणाल तर एका रजेचे आणि रिक्षाभाड्याचे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा मी देवाला धरून उभी राहिले होते, घरातल्या सगळ्यांना धीर देत होते. मग एक फेरी चुकली तर मी अशी कोसळते कशी? मी रोज पूजा करते, संकष्टी चुकवत नाही, हेदवीच्या दशभुज गणेशाला वर्षातून दोन-तीनदा तरी जाते, आणि तरीही माझा भरवसा घड्याळाच्या काट्याबरोबर खाली-वर होतो. त्याला भरवसा म्हणावे का?

दुसरी गोष्ट लिहायला थोडी लाज वाटते. मला आईच्या शांतपणाचाच राग आला होता. ‘देवाच्या मनात नसेल’ हे तिला सहज म्हणता येते, कारण वेळ मिळवणे, रजा मागणे, रिक्षा सांगणे हे सगळे मी केलेले असते. एका माणसाने शांत राहायचे तर दुसऱ्या कुणाला तरी अशांत राहून धावपळ करावी लागते, असे मला वाटते. यात माझे काही चुकत असेल तर जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

आनंदी मन

ताई, जे होते ते चांगल्यासाठीच होते. देवाने तुम्हाला त्या दिवशी पलीकडे जाऊ दिले नाही, यामागे त्याची काहीतरी योजना असणारच. नामस्मरण वाढवा, राग आपोआप कमी होईल.

निवृत्त वाहक

ताई, मी एस.टी.त एकतीस वर्षे वाहक म्हणून काम केले. अध्यात्मातले मला फारसे कळत नाही, पण अडकलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि तुमचा पहिला प्रश्न मला ओळखीचा वाटला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्या दिवशी माझी गाडी सावर्ड्याच्या पुढे जाऊ शकत नव्हती. गाडीत अडतीस माणसे होती. दुपारपर्यंत जवळच्या वाडीतल्या बायकांनी पेज आणि लोणचे आणून दिले, एका प्रवाशाने स्वतःचे घोंगडे एका बाळंतिणीला दिले, आणि दिवसभरात मला कोणीही ‘गाडी कधी सुटणार’ असे विचारले नाही. त्याच वर्षी आंबा घाटात चाक पंक्चर झाल्यामुळे आम्ही चाळीस मिनिटे थांबलो, तर त्या चाळीस मिनिटांत दोघांनी माझी तक्रार करण्यासाठी बिल्ला क्रमांक लिहून घेतला आणि एका जावयाने सासऱ्याशी भांडण काढले.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मोठे संकट सगळ्यांवर एकदम येते, त्यामुळे माणूस आपली योजना मुकाट्याने खाली ठेवतो. ती वाचणारच नाही हे त्याला दिसत असते. लहान अडचणीत मात्र योजना अजून वाचेल असे वाटत राहते, सव्वादहाला फेरी सुटली तरी धावतपळत पोहोचू, असा हिशोब मनात चालू राहतो, आणि हा हिशोबच माणसाला जाळतो. वडील गेले तेव्हा तुमच्याकडे असा हिशोब करायला काही उरले नव्हते. जेटीवर तो होता, साडेअकरापर्यंत होता. म्हणून तुमचा भरवसा खोटा होता असे मला वाटत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक काढते. कित्येक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असायचे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे केले. गाड्यांचा वेग कमी ठेवायचा आणि प्रवासाला जास्त वेळ लागणार हे आधीच छापून टाकायचे. पावसात दरड येणार हे गृहीत धरले आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या घरालाही असे पावसाळी वेळापत्रक हवे. आषाढात खाडीपलीकडची साडेदहाची वेळ घेतलीत, तर एक दिवस आधी पलीकडे मुक्कामाला जाण्याची सोय होते का, तेही पाहा. दाभोळात कोणी ना कोणी नातेवाईक निघतोच.

कलमवाला

‘आनंदी मन’ यांना माझा सविनय विरोध आहे, आणि तो स्पष्टपणे नोंदवतो. मी स्वतः देवाधर्माचा माणूस नाही. घरात पूजा असते, मी नारळ फोडून देतो, इतकाच माझा संबंध. पण माझी हरकत त्यामुळे नाही.

दापोली तालुक्यात किनाऱ्याला आमची हापूसची कलमे आणि नारळ-पोफळीचे आगर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. सकाळी अकराच्या सुमारास वारा वाढला आणि संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो तेव्हा आजोबांनी लावलेल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींवर पडल्या होत्या. पोफळीच्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि आजोबांच्या हातची बाग तर पुन्हा उभी राहणारच नव्हती. तिसऱ्या दिवशी शहरातून आलेल्या एका पाहुण्याने वडिलांना सांगितले की जे होते ते चांगल्यासाठीच होते. वडील वारकरी, आयुष्यभर माळ घातलेले. त्यांनी त्या पाहुण्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाले की हे वाक्य माणसाने आपल्या नुकसानीबद्दल म्हणावे, दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल म्हणू नये. ते स्वतः तसे म्हणाले की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कोयता घेऊन आगरात गेले आणि वाटेवर आडवी पडलेली झाडे तोडू लागले. मी उठलो तेव्हा विहिरीपर्यंतची वाट मोकळी झाली होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. घरातली सगळी व्यवस्था एकट्याने पाहणाऱ्या माणसाला ‘शांत राहा’ हा उपदेश करणे सोपे असते, आणि तो उपदेश बहुधा व्यवस्था न पाहणारेच करतात. आमच्याकडे मोहर धरल्यापासून फवारणीचे वेळापत्रक मी सांभाळतो. तुडतुडे आले की धावायचे, थ्रिप्स आले की धावायचे, फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडला की बुरशीनाशक शोधत फिरायचे; पेटी भरून वाशीला गेल्यावर आंब्यात साका, म्हणजे गरात न पिकलेला पांढरा भाग, निघाला तर त्याचेही उत्तर मीच द्यायचे. भाऊ पुण्याहून फोनवर सांगतो की निसर्गापुढे आपले काय चालते. खरे आहे, चालत नाही. पण हे मला कळत नाही असे त्याला का वाटते? म्हणून ताई, तुम्हाला राग आला यात पाप नाही. मात्र तो राग काम वाटून न दिल्याचा आहे आणि तो निघाला घावनांवर. पुढच्या वेळी सकाळी जेटीवर फोन करून फेरी सुरू आहे का, हे विचारण्याचे काम आईला द्या. डोळ्याला पट्टी असली तरी फोन कानानेच करायचा असतो.

गुरवाच्या घरचा

मी सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातला, पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा असलेल्या घरातला आहे. वरच्या दोन्ही उत्तरांशी माझे भांडण नाही, पण ताईंनी भरवशाबद्दल विचारले आहे आणि त्याबद्दल आमच्या देवळात जे रोज घडते ते सांगावेसे वाटते.

कौल लावणे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक गावाची रीत वेगळी असते. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला ठरावीक जागी ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतात आणि मग देवाला प्रश्न घालतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे कित्येकदा घटकाभर काहीच पडत नाही. सभामंडपात माणसे बसून राहतात, कोणी खोकतो, कोणी विडी ओढायला बाहेर जातो, आणि कळ्या जागच्या जागी असतात. त्या वेळेला घाई करता येत नाही. वारा घालता येत नाही, देवाला पुन्हा पुन्हा विचारता येत नाही. लहानपणी मला या बसण्याचा अतिशय कंटाळा यायचा. आता वाटते की आमच्या गावाला थांबायची जी काही सवय आहे, ती तिथेच लागली असावी. एकदा एक जण मुंबईच्या गाडीचे तिकीट खिशात घेऊन ‘जाऊ की नको’ असा कौल मागायला आला, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला परत पाठवले. ‘तिकीट काढलंस मां? मगे जा. देवाक कित्याक तरास?’ असे ते म्हणाले. आपण ठरवून टाकलेल्या गोष्टीवर देवाची सही घ्यायला येऊ नये, असे त्यांचे मत होते.

आता ताईंची त्या पहाटेची प्रार्थना पाहा. ‘आजचा दिवस नीट पार पडू दे’ असे म्हणण्यात वावगे काही नाही, मीही म्हणतो. पण ‘नीट’ म्हणजे काय हे ताईंनी आदल्या रात्रीच ठरवले होते: सातची रिक्षा, आठची फेरी, साडेदहाचे डॉक्टर. देवापुढे ठेवलेला कागद आधीच भरलेला होता. फेरी बंद दिसल्यावर खरी तक्रार देवाशीच होती. देव समोर दिसत नव्हता आणि आई दिसत होती, म्हणून ती आईवर गेली.

यासाठीच मला गाऱ्हाण्याची आठवण होते. आपल्याकडे कुठलेही शुभकार्य असो, देवापुढे गाऱ्हाणे घालतात. ‘बा देवा महाराजा’ अशी हाक मारायची, गावच्या देवतांची आणि राखणदाराची नावे घ्यायची, आणि मग जमलेल्या लेकरांच्या वतीने सांगायचे की काय चूकभूल झाली असेल तर पोटात घाल, जे वाकडे असेल ते सरळ कर, कोण परगावी असेल त्याच्या पाठीशी उभा राहा. प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचे. हे आपण इतक्या वेळा ऐकतो की शब्दाकडे लक्ष जात नाही. पण गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. देवाकडे तक्रार करण्यासाठी आपल्या माणसांनी एक विधीच करून ठेवला आहे, त्याला वेळ दिली आहे, सूर दिला आहे, आणि साथीला सगळा गाव दिला आहे. त्या गाऱ्हाण्यात ‘काही वाकडे होऊ देऊ नकोस’ असे मागणे मी तरी ऐकलेले नाही. वाकडे झालेलेच असते, तिथूनच बोलायला सुरुवात होते. म्हणून चिडलेल्या माणसाचा भरवसा संपला असे मी मानत नाही. चिडून त्याने देवाशी बोलणेच सोडले तर मात्र काळजी वाटते.

आईंच्या ‘देवाच्या मनात नसेल’ या वाक्याबद्दल मी काही बोलणार नाही. अशी वाक्ये माणसे वेगवेगळ्या कारणांनी म्हणतात, आणि वाक्यावरून कारण कळत नाही.

मी फार शहाणा आहे असे कोणी समजू नये. मागच्या जत्रेत पालखी निघायच्या वेळेला वीज गेली आणि गॅसबत्ती लावायला घेतली तर तिचे मेंटल फुटले. दुसरे मेंटल आणायला मी मुलाला दुपारीच सांगितले होते, आणि तो विसरला होता. शंभर माणसांसमोर, देवाच्या पालखीला हात लावून उभा असताना, मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. पालखी पंधरा मिनिटे उशिरा निघाली. मुलगा त्या रात्री जेवला नाही.

बंदरावरचा

सलाम. मी पलीकडच्या काठाचा, म्हणजे दाभोळचा. ताई ज्या फेरीची वाट पाहत होत्या, ती त्या सकाळी आमच्या बाजूला उभी होती आणि मी तिच्याकडे पाहत चहा पीत होतो, हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले.

आम्ही दालदी, म्हणजे मासेमारी करणारे कोकणी मुसलमान. आमच्या घरात उद्याची कुठलीही गोष्ट ‘इन्शाअल्ला’ म्हटल्याशिवाय बोलत नाहीत. खरे सांगायचे तर या शब्दाचा गैरवापर आम्हीच सगळ्यांत जास्त करतो. जाळे दुरुस्त करणारा ‘इन्शाअल्ला परवा देतो’ म्हणाला की परवा मिळणार नाही हे समजायचे. माझी आजी यावर चिडायची. ती म्हणायची की अल्लाचे नाव घेऊन तू तुझा आळस लपवतोस. मशिदीत लहानपणी एक हदीस शिकवली होती, ती तिला फार आवडायची: एक जण उंट मोकळा सोडून म्हणाला की मी अल्लावर भरवसा ठेवला आहे, तेव्हा पैगंबरांनी त्याला सांगितले की आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव. या भरवशाला आमच्याकडे तवक्कुल म्हणतात. ताईंनी कागद, थेंब, रिक्षा, रजा सगळे केले होते, म्हणजे उंट पक्का बांधलेला होता. त्यानंतरचा वारा त्यांच्या हातातला नव्हता.

आमच्या धंद्यात हे दरवर्षी घडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बोट रंगवतो, इंजिन उघडून पाहतो, तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि खलाशांना उचल देतो, डिझेल भरतो, बर्फाची ऑर्डर देतो. १ ऑगस्टला कागदावर समुद्र खुला होतो आणि प्रत्यक्षात कित्येकदा वारा खुला करत नाही. मग बर्फ वितळत असतो, खलाशी बसून जेवत असतात, आणि शेजारचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेचा नारळ घेऊन थांबलेले असतात. उचल घेतलेला माणूस ‘चाचा, कधी?’ असे विचारतो, तेव्हा मी शांत असतो असे अजिबात नाही. मात्र वडिलांनी एक शिस्त लावली होती, ती पाळतो: बोट सुटणार नाही हे नक्की झाल्यावर पहिला अर्धा तास कुणाशी हिशोबाचे बोलायचे नाही. जाळ्यात हात घालायचा आणि फाटलेले डोळे विणत बसायचे. सुतात हात गुंतले की माणसाला हात उगारता येत नाही, असे ते हसून म्हणायचे.

आणखी एक सांगतो, कारण ताई दाभोळला येतच असतात. धक्क्याजवळ जी मोठी दगडी मशीद आहे, जिला कोणी शाही मशीद म्हणतात, कोणी अंडा मशीद म्हणतात, ती सतराव्या शतकातली आदिलशाहीच्या काळातली आहे. तिच्याबद्दल आमच्याकडे अशी कथा सांगतात की विजापूरची एक शहजादी मक्केला हजला जाण्यासाठी दाभोळ बंदरात आली, पण पुढचा समुद्रप्रवास धोक्याचा असल्यामुळे तिला जाता आले नाही; तेव्हा जाणत्या लोकांच्या सल्ल्याने तिने बरोबर आणलेला पैसा खर्चून इथे मशीद बांधली. लहानपणी ही कथा ऐकताना मला वाटायचे की सगळे छान झाले. आता वय झाल्यावर वाटते की मशीद झाली, पण तिची हज झाली नाही ती नाहीच झाली. धक्क्यावर उभी राहून ती किती वेळ पाण्याकडे पाहत बसली असेल, याबद्दल कथेत काही सांगत नाहीत.

पुढच्या मंगळवारी फेरी बंद असेल तर सकाळी या धाग्यावर मी कळवीन. माझ्या खिडकीतून ती दिसते.

खाडीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी दोनदा वाचली आणि काल रात्री जेवणानंतर आईला मोठ्याने वाचून दाखवली. कलमवाल्या दादांचे कानाने फोन करण्याचे वाक्य ऐकून ती हसली. पट्टी केव्हाच निघाली आहे, असे तिने तुम्हाला कळवायला सांगितले आहे.

गुरवकाकांच्या उत्तरातले ‘वाक्यावरून कारण कळत नाही’ हे वाचून मी थांबले, आणि तिला विचारले की त्या दिवशी जेटीवर तू ‘देवाच्या मनात नसेल’ असे म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात काय होते. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की डाव्या डोळ्यालाही आता अंधुक दिसते, हे तिने मला सांगितले नव्हते. डॉक्टर त्याही डोळ्याचे ऑपरेशन सांगतील, पुन्हा माझी रजा, पुन्हा पैसे, पुन्हा धावपळ, या भीतीने ती आदल्या रात्री झोपली नव्हती. फेरी बंद दिसली तेव्हा तिला सुटल्यासारखे वाटले. त्या मुलाला घावन दिले ते आनंदाने, असे ती म्हणाली. मी जिला शांती समजून चिडले होते, ती एका आठवड्याची सुटका होती. माझे घड्याळ आणि तिचे घड्याळ एकाच बाकावर उलट्या दिशेने चालले होते, आणि दोघीही देवाचे नाव घेत होतो.

आता डाव्या डोळ्याचेही कागद पिशवीत घातले आहेत. वाहककाकांच्या सूचनेप्रमाणे सोमवारी संध्याकाळच्या फेरीनेच पलीकडे जाणार आहोत. दाभोळात आईच्या मावसबहिणीचे घर आहे, हे आईलाच आठवले, आणि तिनेच फोन करून सगळे ठरवले. मी फक्त रजेचा अर्ज लिहिला.

गुरवकाकांना एक विचारायचे आहे. निघण्याआधी घरी देवापुढे गाऱ्हाणे घातले तर चालते का? आमच्याकडे गणपतीत वडील घालायचे. ते गेल्यापासून कोणीच घातलेले नाही. बाईमाणसाने घालावे की नाही, आणि शब्द चुकले तर काय, हे मला माहीत नाही.

गुरवाच्या घरचा

ताई, गावाचे गाऱ्हाणे मानकऱ्याने किंवा गुरवाने घालायचे असते, कारण तो गावाच्या वतीने बोलतो. घरचे गाऱ्हाणे घरातल्या कोणीही घालावे. आमच्याकडे वडील देवळात अडकलेले असले की आईच घालायची, आणि तिचे शब्द त्यांच्यापेक्षा साधे असायचे. दिवा लावा, पानाचा विडा आणि नारळ ठेवा, कुलदेवतेचे आणि गावदेवीचे नाव घ्या, आणि डोळ्याचे, फेरीचे, पैशाचे जे आहे ते आहे तसे सांगा. त्या दिवशीच्या डब्याचेही सांगितलेत तरी चालेल. शब्द चुकले तर ‘चूकभूल पोटात घाल’ हे त्यातच असते. फक्त आईंना शेजारी बसवा, ‘व्हय महाराजा’ म्हणायला कोणीतरी लागते.